दोराला लावलेला हात

"दोराक हात लावलास मां? मगे रव, वाटो घेवन जा."

दोराला हात लावलास ना, मग थांब, वाटा घेऊन जा. माझे व्याही पांडुरंगराव हे इतक्या वेळा म्हणत की आमची नात श्रिया झोपेतसुद्धा ते पुटपुटायची. आता ऑकलंडमधल्या अल्बनीच्या या घरात हे वाक्य कोणी उच्चारत नाही. म्हणणारा माणूस नोव्हेंबरात गावी परत गेला. मी इथंच आहे, आणि त्यांच्याबद्दल जे लिहायला हवं ते लिहायला बसलो आहे.

पांडुरंगराव मालवणच्या वरच्या अंगाला एका वाडीत रापणीचे म्होरके होते. रापण म्हणजे होडीतून समुद्रात अर्धगोल सोडलेलं लांबच लांब जाळं. त्याचे दोन दोर किनाऱ्यावर, आणि ते ओढायला वाळूवर उभी राहिलेली माणसं. म्होरक्याचं काम दोन: कधी ओढायचं ते सांगणं, आणि मासळी वाळूवर पडली की वाटे घालणं. ज्यानं ओढलं त्याला वाटा. तो वाडीतला असो, वाटसरू असो, शाळेला दांडी मारून आलेला असो.

हे मला कसं ठाऊक? सुमेधाच्या, माझ्या मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या घरी उतरलो होतो. मी खटावकडचा शेतकरी. चार लोकांत माझ्या शब्दाला किंमत आहे, जत्रेत गोष्ट सांगायला मला बोलावणं येतं. मुलगी मासे ओढणाऱ्याच्या घरी चालली याची रुखरुख मी लपवली नव्हती. पहाटे रापण ओढत होते, तिथं मी पांढऱ्या कपड्यांत, नाकाला रुमाल लावून गेलो. गंमत म्हणून दोराला हात लावला. चार हिसके दिले असतील. निघालो तर मागून आवाज आला, "पावण्यांनू, रवा!" आठ बांगडे आणि एक सुरमईचं पोर माझ्या पुढ्यात वाळूवर.

"मी खात नाही हो," मी म्हणालो.

"खावचे नसतीत तर कोणाक देवा. पण वाटो टाकून जावचा नाय."

मी ते गाडीच्या ड्रायव्हरला दिले. पण त्या सकाळी मला पहिल्यांदा वाटलं, मुलगी बऱ्या घरी चालली आहे.

पुढं श्रीनाथला, म्हणजे त्यांच्या मुलाला, ऑकलंडमध्ये नोकरी लागली. अल्बनीत घर झालं, श्रिया झाली. विहीणबाई गेल्यावर पांडुरंगराव वर्षातले सहा महिने इकडं येऊ लागले, आणि माझंही येणं त्याच सुमाराला जुळायचं. त्या घरात समुद्र नव्हता, दोर नव्हता, तरी त्यांनी रापण चालू ठेवली. मी मटार सोलायला बसलो की उठताना मूठभर मटार माझ्या हातावर. श्रियानं ताटं पुसली की तिला चार काजू.

"आजोबा, इट्स जस्ट प्लेट्स!" ती हसायची.

"हात लावलस मां?"

"या, बट..."

"मगे रव."

ती थांबायची. काजू घेऊनच जायची.

गेल्या जूनमध्ये श्रीनाथला ऑफिसच्या कामासाठी रोमला जायचं होतं. तो म्हणाला, "सगळेच चला. बाबांनी जन्मभर एक समुद्र बघितला, त्यांना दुसरा दाखवू." काम आटोपल्यावर आम्ही दक्षिणेला, मच्छीमारांच्या एका गावात चार दिवस राहिलो. गावाचं नाव मला अजून धड म्हणता येत नाही. डोंगराच्या उतरणीवर एकाच्या खांद्यावर एक अशी घरं. गुलाबी, पिवळी, गेरूच्या रंगाची. प्रत्येक घर वेगळ्या रंगाचं, समुद्रावर गेलेल्या बापाला होडीतून आपलं दार ओळखता यावं म्हणून. वर लिंबांच्या बागा, तळहाताएवढी लिंबं. खाली वाळूवर ओढून ठेवलेल्या निळ्या होड्या आणि होडीच्या सावलीत मांजरं. लाँचमधून आम्ही पुढचा किनाराही पाहिला. पाण्यात सरळ उतरणारे कडे, चाच्यांवर नजर ठेवायला बांधलेले जुने बुरूज, कड्याच्या पोटात पाण्याच्याच उजेडानं निळी झालेली एक गुहा.

पांडुरंगरावांनी हे सगळं पाहिलं आणि पहिल्या संध्याकाळी मला विचारलं, "भरती कधी होता हय?"

हॉटेलच्या माणसाला विचारलं. त्यानं खांदे उडवले. त्या समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नसतेच. पांडुरंगराव बराच वेळ पाण्याच्या कडेला उकिडवे बसले. ओल्या वाळूची रेघ तसूभरही हलत नव्हती.

"ह्यो दर्यो दम घेणा नाय," ते हळू आवाजात म्हणाले. आजाऱ्याबद्दल बोलावं तसं.

तिसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर गर्दी दिसली. जुन्या पद्धतीचं जाळं ओढत होते. वर्षातून एकदा, पूर्वजांची आठवण म्हणून आणि पाहुण्यांनी फोटो काढावेत म्हणून. अर्धगोल जाळं, दोन दोर, वाळूवर माणसं. पांडुरंगराव उभ्या जागी ताठ झाले. त्यांचे पाय आपोआप वाळूत रोवले गेले.

आता नीट सांगतो, कारण पुढचं सगळं यावर आहे.

त्यांनी धावत जाऊन दोर धरला नाही. ते मला म्हणाले, "रवा, आधी हयलो कायदो काय तो इचारतंय." दोराच्या टोकाला लोकरी टोपीतला एक म्हातारा होता. पांडुरंगराव त्याच्यापुढं गेले. बोट दोराकडे केलं, मग समुद्रातल्या जाळ्याकडे, मग स्वतःच्या छातीकडे, आणि भुवया उंचावल्या. मी ओढलं, तर मला? म्हातारा मोकळेपणानं हसला, मान हलवली, त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि दोर त्यांच्या हातात दिला. हे मी दोन हातांवरून पाहिलं. फक्त मी पाहिलं. श्रीनाथ आणि सुमेधा श्रियाला घेऊन वरच्या गल्लीत आइस्क्रीमच्या रांगेत होते.

पाऊण तास ओढणं चाललं. बाकीचे पाहुणे चार हिसके देऊन फोटो काढून निघून गेले. पांडुरंगराव शेवटपर्यंत राहिले. बाहत्तर वर्षांचा माणूस, कंबरेला दोराचा वेढा घेऊन मागं मागं चालत होता, आणि मला त्यांचा चेहरा इतका तरुण कधीच दिसला नव्हता.

मासळी थोडीच होती. ती एका खाणावळीच्या टोपल्यांत भरू लागले. टोपीवाला म्हातारा तोवर दुसऱ्या टोकाला निघून गेला होता. पांडुरंगराव वाट पाहत उभे. कोणी वाटे घातले नाहीत. मग त्यांनी खाली वाकून तीन छोटे बांगडे उचलले, फक्त तीन, आणि रुमालात बांधले.

खाणावळीचा मालक ओरडला. पांढरा एप्रन, लालबुंद चेहरा. माणसं वळून बघू लागली. कोणी मोबाइल वर धरला. श्रीनाथ पायऱ्यांवरून धावत आला, वडिलांच्या हातातला रुमाल आणि ओरडणारा माणूस त्यानं पाहिला, आणि काहीही न विचारता म्हणाला, "सॉरी, सॉरी. ही इज नॉट वेल." एक बोट स्वतःच्या कपाळावर टेकवलं.

मालकानं माझ्याकडे पाहिलं. पांढऱ्या केसांचा दुसरा माणूस, हा खरं सांगेल, अशा नजरेनं.

आणि मी मान हलवली.

का हलवली? लोक बघत होते. बोलाचाली लवकर संपावी असं वाटलं. मुलीच्या बापानं जावयाला चारचौघांत खोटं पाडू नये, असंही कारण मी नंतर स्वतःसाठी शोधलं. पण मान हलली तेव्हा मनात एकच होतं: मी यांच्यातला नव्हे. लग्नाआधीच्या त्या पहाटे नाकाला लावलेला रुमाल मी पुन्हा लावला होता.

मालकाचा चेहरा मऊ झाला. त्यानं पांडुरंगरावांच्या खांद्यावर हात ठेवला, आणखी दोन मासे कागदात गुंडाळून त्यांच्या हातात दिले, आणि लहान मुलाला थोपटावं तसं त्यांच्या गालावर थोपटलं. पांडुरंगरावांना इंग्रजी फारसं येत नाही. पण बोट कपाळाला लागलं की अर्थ सगळीकडं एकच. त्यांनी एकदा मुलाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग होडीच्या सावलीत जाऊन पाचही मासे मांजरांपुढं ठेवले, रुमाल समुद्रात धुतला आणि पिळला.

अल्बनीला आल्यावर ते वाक्य बंद झालं. मटार सोलले तरी मूठ नाही. श्रिया ताट पुसून थोडा वेळ उभी राहायची, मग निघून जायची.

खोटं एकदा बोललं की त्याला घर लागतं. श्रीनाथनं ते स्वतःच्या मनात बांधलं. ऑगस्टमध्ये जेवताना तो म्हणाला, "बाबांना ऑक्टोबरमध्ये परत पाठवणं मला रिस्की वाटतं. गावी एकटे राहणार. त्या दिवशी आपण कुठं आहोत याचंच भान त्यांना नव्हतं."

"डॉक्टर तर म्हणाले, सगळं नॉर्मल आहे," सुमेधा म्हणाली. "कागदावर घड्याळ काढून दाखवलं, तीन शब्द लक्षात ठेवून सांगितले, सगळं बरोबर."

"सुरुवातीला असंच असतं. अण्णा, तुम्ही होतात ना तिथं? तुम्हीच सांगा."

पांडुरंगराव समोर बसून आमटी-भात कालवत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. मी सांगायचं ते एवढंच होतं: त्यांनी विचारलं होतं, त्यांना हो म्हटलं होतं, मी पाहिलं. तीन वाक्यं. जत्रेत रात्र-रात्र गोष्ट सांगणाऱ्या माझ्या तोंडातून ती निघेनात.

"मी जरा लांब होतो," मी म्हणालो.

ऑक्टोबरचं तिकीट रद्द झालं. आणि खरं सांगायचं तर, मला आत कुठंतरी बरं वाटलं. ते गेले असते तर दिवसभर त्या रिकाम्या घरात मी एकटाच उरलो असतो.

त्यानंतर त्यांना एकट्याला फिरायला सोडेनात. डेअरीतून दूध आणायचं तरी मी सोबत. ते माझ्यापुढं चार पावलं चालत.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी आम्ही ओरेवाच्या पलीकडं एका किनाऱ्यावर गेलो. ओहोटी होती. ओली वाळू लांबवर चकाकत होती, इथला समुद्र चांगला दणकून दम घेतो. श्रीनाथ गाडीतून सामान काढत होता, श्रिया टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घालून पाण्याकडं धावली. आम्ही दोघं काठानं चाललो होतो. मी धीर केला.

"व्याहीबुवा, आज मी श्रीनाथला सांगतो. त्या म्हाताऱ्यानं तुम्हाला हो म्हटलं होतं, ते मी पाहिलं होतं."

"माका ठावक हा, तुम्ही बघितल्यात ता." ते चालतच राहिले. "तेव्हा मान हलली. आता तोंड कित्याक उघडतास?"

पुढं एक माओरी कुटुंब छोटं जाळं ओढत होतं. दोन बाया, एक धिप्पाड माणूस, त्याची आई. एका टोकाला माणसं कमी पडत होती, जाळं वाकडं येत होतं. त्या माणसानं आम्हाला पाहून हात हलवला.

"किआ ओरा, अंकल! जरा हात लावता का? मासे मिळाले तर घरी घेऊन जा!" तो इंग्रजीत ओरडला. हात, जाळं आणि आम्ही, असं बोटानं दाखवलंही.

पांडुरंगरावांची बोटं एकदा हलली. मी पाहिलं. मग त्यांनी दोन्ही हात पाठीमागं नेले आणि एकात एक घट्ट अडकवले.

जाळं सुटायला आलं होतं. मी धावत जाऊन दोर धरला. ओला, खरखरीत, जड. पायाखालची वाळू सरकली. आणि तो धरल्याधरल्या, मागं वळून, जत्रेतल्या आवाजात मी ओरडलो, "श्रीनाथ! तुझ्या बापानं विचारलं होतं! इटलीत! त्या म्हाताऱ्यानं हो म्हटलं, दोर हातात दिला! मी बघितलं होतं! त्यांना काही झालेलं नाही! मी खोटं बोललो!"

श्रीनाथ गाडीचं दार धरून उभा राहिला. दोन्हीकडं बघून दबक्या आवाजात म्हणाला, "अण्णा, हळू. लोक बघतायत."

"बघू देत!"

तो खाली वाळूकडं बघू लागला.

पांडुरंगराव माझ्याजवळ आले. दोराकडं पाहिलं, माझ्या हातांकडं पाहिलं. चार महिन्यांनी पहिल्यांदा ते वाक्य म्हणाले, आवाज न चढवता, नियम सांगावा तसं.

"दोराक हात लावलात मां? मगे रवा, वाटो घेवन जावा."

आणि निघाले. हात तसेच पाठीमागं बांधलेले, ओहोटीच्या रेघेच्या कडेकडेनं, उत्तरेला. मी जाऊ शकत नव्हतो, दोर सोडला असता तर जाळं गेलं असतं. श्रीनाथ दार धरून पाहत होता. श्रिया गुडघाभर पाण्यात उभी राहून पाहत होती. दोराच्या पुढच्या टोकाची म्हातारी आजी, जिला यातलं एक अक्षर कळलं नव्हतं, तीही ओढायची थांबून पाहत होती. पांडुरंगरावांनी मागं वळून पाहिलं नाही.