धन्याला खाणारा भोवरा

माझे वडील तापाने गेले. अंग फणफणलेलं, वैद्याचा काढा चाललेला, सगळ्या गावाने पाहिलं होतं. पण माझ्या काकाला ताप पटेना. त्याच्या मते भावाला खाल्लं ते आमच्या घोडीने. तिच्या कपाळावर, डोळ्यांच्या जरा वर, केसांचा एक भोवरा होता, आणि असला भोवरा धन्याला खातो हे त्याला कुणा घोडेवाल्याने सांगितलेलं. देव अक्कल वाटत होता तेव्हा आमचा काका चाळण घेऊन गेला असणार.

घोडी वयाने कोवळी आणि स्वभावाने गाय. आई काचा मारून तिच्यावर बसे आणि गोमाई नदीपलीकडच्या शेतात जाई, पुढ्यात माझी धाकटी बहीण. बहीण पेंगून कलंडायला लागली की घोडी आपण होऊन थांबायची. एवढी समज आमच्या घरातल्या पुरुषांतही मी पाहिली नाही.

काका ती विकायला निघाला तेव्हा आई म्हणाली, "भाऊजी, घोडी ऱ्हाऊ द्या." त्याने ऐकलं नाही. मग ती मला एकट्याला गोठ्याशी म्हणाली, "घोडी शे तवलोंग लोके घोडीले नावं ठेवतस. ती गयी का मंग मीच उरसू." मी तेव्हा नुकताच औताला लागलो होतो. घरात माझं कोण ऐकणार?

वडिलांमागे घराचा धनी काकाच. म्हणून तर त्याची एवढी पाचावर धारण बसलेली. सारंगखेड्याच्या जत्रेला जाताना लगाम त्याने माझ्या हातात दिला आणि स्वतः मागून, चांगलं अंतर राखून चालला. भोवऱ्यावर लाल गोंडा बांधायला मात्र विसरला नाही. ज्या भोवऱ्याने आपण मरू म्हणून हा घाबरला होता, तोच झाकून दुसऱ्याच्या गळ्यात मारायचा होता.

घोडेबाजारात तरी शहाणी माणसं असतील असं मला वाटलं होतं. कसलं काय! मोठमोठ्या फेट्यांचे लोक घोड्यांचे केस विंचरत भोवरे शोधत होते. घोडा चालतो कसा, हे बघायला कुणाला सवड नव्हती.

खापर गावाकडचा एक शेतकरी बायको-मुलांना घेऊन आला. बायकोने काही न विचारता लेकरू घोडीवर बसवलं. लेकराने आयाळ ओढली, टाचा मारल्या. घोडी उभी ती उभी. नवऱ्याने मात्र पहिल्यांदा गोंडा उचलला आणि भोवरा पाहून मागे सरला.

"धनी कोन शे?" त्याने विचारलं.

काकाने झटकन माझ्याकडे बोट केलं. "धनी हाऊ. देखा, धडधाकट शे!"

सख्ख्या पुतण्याला त्याने भोवऱ्यापुढे उभं केलं. मला त्याचा राग नाही आला, किळस आली.

त्या बाईने नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुम्हले भ्याव वाटस ना? मंग घोडी मन्हा नावनी ल्या," म्हणाली. आजूबाजूचे हसले, नवरा ओशाळला आणि सौदा ठरला. तेव्हा मात्र रुमालाखाली बोटं धरून भाव पक्का करायला धनी पुढे झाला, आमचा काका. घोडी चांगल्या घरी गेली, एवढं समाधान घेऊन मी परतलो.

घरी येताच काकाने पीडा गेल्याचं गावभर सांगितलं. फाल्गुनात त्याचा आवडता बैल पोट फुगून मेला. हिरव्या, ओल्या चाऱ्यावर त्याला यानेच मोकळा सोडला होता. काका गोठ्यातून बाहेर आला आणि ओट्यापाशी उभा राहून आईकडे टक लावून बघायला लागला.

आई ज्वारी पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं, कपाळावरचा पदर मागे सारला आणि विचारलं, "भाऊजी, आते माले कव्हय लई जातस जत्राले?"