भर उन्हात भिजून आलेला ब्रूनो

मंडळी, आज दुपारची गोष्ट. अजून मन थाऱ्यावर नाही.

आमचा लॅब्राडॉर ब्रूनो धरणगावच्या शेतात मोकळा फिरत होता. मे महिना, जमिनीला भेगा, आसपास पाण्याचा थेंब नाही. थोड्या वेळाने तो परत आला तो पूर्ण भिजून.

लॅब्राडॉर पाण्याचा वेडा, पण कान ओले राहिले की पिकतात. म्हणून आधी कापसाने कान पुसले. बोळ्याला हिरवं शेवाळ लागलं.

शेजारच्या शेतातल्या नव्वदीच्या आबांना विचारलं, "इथे पाणी कुठंय?"

आबा ब्रूनोकडे बघत राहिले. "तठे इहीर व्हती. मी धाकला व्हतू, इंग्रजस्ना राज व्हतं. एक सायेबना असाच कुत्रा तिन्हामा बुडी ग्या. मंग इहीर बुजी टाकी."

बुजवलेल्या विहिरीची म्हणून त्यांनी दाखवलेल्या जागी गेलो. जमीन दगडासारखी कोरडी होती, पण पंज्यांचे चिखलाचे ठसे तिथूनच सुरू झाले होते.

ब्रूनोला आता घरात बांधलंय. जेवणाला तोंड लावत नाही. शेताच्या दिशेने बघत शेपटी हलवतोय.

ही जात फार माणसाळलेली, हाक मारेल त्याच्याकडे जाते. आज त्याला कोणी हाक मारली असेल?