पाहुणे येणार म्हणून खाडी झाडली

माझ्या मुलीच्या सासूबाईंना सगळी वस्ती 'खाडीवाल्या बाई' म्हणते. मी त्यांना विहीणबाई म्हणते, आणि त्या मला 'काळजीची पेटी' म्हणतात, तेही तोंडावर. आता मला सांगा, जी मुलगी मी शिकवून-सवरून एका थंडगार ऑफिसात बसवली, ती लग्नानंतर वर्षभरातच सासूच्या शेडमध्ये गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून कचरा निवडायला लागली, तर आईने काळजी करू नये तर काय टाळ्या वाजवाव्यात?

शहराचा मोठा नाला जिथे खाडीला मिळतो, तिथे ही शेड आहे. पाण्यावर रिकाम्या पिंपांची माळ आडवी बांधली आहे आणि माळेखाली जाळी. ओहोटी लागली की शहराने टाकलेलं सगळं वाहत येतं आणि त्या माळेशी अडतं. विहीणबाई आणि त्यांच्या हाताखालच्या बायका ते लांब दांड्याच्या झोळण्यांनी ओढून काढतात, धुतात, वाळवतात, निवडतात. बाटल्या भंगारवाला हसत हसत नेतो. पण शाम्पूच्या पुड्या, वेफर्सची चकचकीत पाकिटं, पातळ पिशव्या यांना तो हात लावत नाही. ते गोळा करण्यासाठी साबण-शाम्पूची एक कंपनी वजनावर पैसे देते. जेवढं प्लास्टिक आम्ही विकतो, तेवढं समुद्रात जाण्याआधी उचलतो, असं कंपनीला सांगता येतं. आणि त्यावर ही शेड चालते.

विहीणबाईंना पसारा बघवत नाही. माझ्या घरी पहिल्यांदा आल्या, तेव्हा लग्नाची बोलणी करता करता त्यांनी माझ्या स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावून टाकले. मी मनातल्या मनात फणफणले. पण त्यानंतर साखर पहिल्या झटक्यात हाताला लागायला लागली, त्यामुळे बोलायची सोय राहिली नाही. शेडमध्येही तेच. निळी झाकणं एका पोत्यात, लाल दुसऱ्यात. "समुद्राला काय रंग कळतो?" असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "समुद्राला नसेल कळत, मला कळतो ना!"

तर मागच्या आठवड्यात कंपनीकडून निरोप आला. मोठ्या मॅडम फोटोवाल्याला घेऊन येणार, काम बघणार आणि पैसे पुढे चालू ठेवायचे की दुसऱ्या कुठल्या शहराला द्यायचे ते ठरवणार. मुलीने मला फोन केला. "अगं आई, ये ना. मला एकटीला काही सुचत नाहीये." मी हातमोजे, मलम, बँडेज आणि मोज्यांचे दोन जादा जोड घेऊन निघाले.

पोचले आणि बघतच राहिले. जाळीपाशी एक कागदाचा कपटा नव्हता. पाणी असं नितळ की त्यात ढग दिसत होते. काठ झाडलेला, पोती एका ओळीत, आणि पिंपंसुद्धा घासून लख्ख केलेली.

"कशी वाटली खाडी?" विहीणबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. चेहऱ्यावर असा आनंद, जणू घरी मुलीला बघायला येणार आहेत.

"सुंदर! पण... कचरा कुठाय?"

"कचरा? पाहुणे यायचेत आणि कचरा ठेवीन मी? काल सगळ्या बायकांना वरच्या पुलापर्यंत नेलं. नाल्यात एक पुडी ठेवली नाही."

माझी मुलगी पोत्यावर बसून कपाळाला हात लावून होती. "अहो आई," ती सासूला म्हणाली, "ते कचराच बघायला येतायत!"

"म्हणजे?"

"म्हणजे कचरा येतो, जाळीला अडतो, आपण काढतो, हे त्यांना बघायचंय. त्याचेच फोटो हवेत. इथे तर काही येतच नाही असं त्यांना वाटेल. मग पैसे कशाला देतील?"

विहीणबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी खाडीकडे पाहिलं, पोत्यांकडे पाहिलं, परत खाडीकडे पाहिलं. कोपऱ्यात स्टुलावर माझे व्याही बसले होते. आयुष्यभर बस चालवलेला, अगदी गरीब स्वभावाचा माणूस. सांगितलेलं काम चोख करतात आणि न सांगितलेलं केलं की हमखास घोटाळा करतात. ते हळूच म्हणाले, "दोन पोती परत ओतली तर?"

"खबरदार!" विहीणबाई कडाडल्या. "उचललेलं परत टाकायचं? लाज नाही वाटत बोलायला?"

"मी आपलं सुचवलं."

"सुचवू नका. बसा तिथे."

ते बसले. बायकांनी चहा ठेवला. मी प्रत्येकीच्या हातमोज्यांना भोक आहे का ते तपासत होते. चहा उकळायच्या आत लक्षात आलं की स्टूल रिकामं आहे.

बाहेर पाहिलं, तर शेडच्या मागच्या लाकडी साकवावर व्याही उभे आणि पोत्याचं तोंड पाण्याकडे. चकचकीत पाकिटांचा धबधबा!

"अहोऽऽ!" विहीणबाई झोळणं घेऊन धावल्या. रबरी बुटांत धावणं म्हणजे बदकाने शर्यत लावण्यासारखं. थपाक थपाक करत त्या साकवावर पोचल्या. "अहो, तुम्हाला काही वाटतं का? इतकी वर्षं संसार केलात माझ्याशी, हेच शिकलात? उतरा खाली! एकेक पाकीट उचला!"

"अगं, तुझ्यासाठीच करत होतो."

"माझ्यासाठी समुद्र घाण करायचा? पँट वर करा आणि उतरा आधी!"

व्याही गुडघाभर पाण्यात उतरले. पाकिटं त्यांच्याभोवती अशी पसरली की चार दिशांना हात टाकावे लागत होते. एक धरलं की दोन निसटत. वर विहीणबाई झोळणं परजत होत्या, "ते बघा, डावीकडे! अहो, तुमची डावी, माझी नाही!" बायका पोट धरून हसत होत्या. मला हसू येत होतं आणि व्याह्यांना सर्दी होईल म्हणून धडधडतही होतं.

तेवढ्यात माझ्या मुलीने माझा दंड असा आवळला की अजून वळ आहे. काठावर एक उंच बाई उभ्या होत्या, आणि त्यांच्या मागे गळ्यात कॅमेरा अडकवलेला माणूस.

"हे गृहस्थ कोण?" मॅडमनी विचारलं. "आम्ही ज्यासाठी पैसे देतो तेच पाण्यात टाकताना पाहिलं मी त्यांना."

मुलीचा चेहरा पांढराफटक. सगळं संपलं, आता ही परत ऑफिसात जाईल, असा विचार माझ्या डोक्यात आला. खरं तर मला बरं वाटायला हवं होतं. पण तिच्याकडे पाहिलं आणि नाही वाटलं.

विहीणबाईंनी झोळणं खाली टेकलं. "माझा नवरा," त्या म्हणाल्या. "तुम्ही येणार म्हणून मी खाडी आवरली. मग कळलं की तुम्हाला पसाराच बघायचा होता. मी रडकुंडीला आले, ते ह्यांना बघवलं नाही. चूक आमची. पण गेलेलं सगळं परत येईल, त्याशिवाय ह्यांना वर घेणार नाही."

पाण्यातून व्याह्यांनी मान डोलावली. हातात पाकिटांचा गुच्छ होता, फुलांचा असावा तसा.

मॅडमच्या ओठांचा कोपरा हलला. पण त्या शेडकडे वळल्या नाहीत. "म्हणजे एरवी किती कचरा येतो, ते मी बघायचंच नाही?"

"ओहोटी लागलीय," मुलगी घाईघाईने म्हणाली. "थोडं थांबा. येईल."

मग आम्ही सगळे काठावर रांगेने उभे राहून कचऱ्याची वाट बघू लागलो. आयुष्यात मी इतक्या आतुरतेने कुणाची वाट पाहिली नव्हती. "ती बघा!" एक बाई ओरडली. ते पान निघालं. "आली, आली!" ते ढगाचं प्रतिबिंब. आणि मग लांबून, डुलत डुलत, खरोखरची पुडी आली. अशी आरोळी उठली की बगळे उडाले. फोटोवाला गुडघ्यावर बसला, त्याने नेम धरला, आणि विहीणबाईंनी झोळण्याच्या एका फटक्यात पुडी उचलून घेतली.

"अहो आई, फोटो!"

"हात थांबला नाही गं. पुढची सोडते."

पुढचीही सोडली नाही. तिसरी तर फोटोवाल्याच्या नाकासमोरून उचलली. मग पाणी जोरात ओढू लागलं आणि वरच्या पुलाच्याही पलीकडचं, साऱ्या शहराचं सामान यायला लागलं. पाकिटं, पिशव्या, झाकणं, एक तुटका कंगवा. बायका भराभर झोळणी टाकत होत्या. मॅडमनी एक पुडी हातात घेतली आणि त्या एकदम ताठ झाल्या.

"ही आमची नाही! ही तर त्या दुसऱ्या कंपनीची!"

"बरं मग?" विहीणबाईंनी विचारलं.

"आमच्या पैशाने त्यांची पुडी उचलायची?"

"मग ही सोडू का? जाळीपलीकडे समुद्र आहे. तुम्ही सांगा, मी टाकते."

मॅडमनी पुडीकडे पाहिलं, जाळीपलीकडे पाहिलं. मग ती मुकाट्याने पोत्यात टाकली आणि बूट काढून बाजूला ठेवले. "मला एक झोळणं द्या," त्या म्हणाल्या.

पुढचा अर्धा तास नुसता धिंगाणा. मॅडमना झोळणं पेलेना. एकदा त्यांनी पुडीऐवजी फोटोवाल्याची टोपी उचलली. व्याही पाण्यातूनच सूचना देत होते, कधी नव्हे ते कुणीतरी ऐकत होतं. पोतं भरलं, काट्यावर चढलं, आणि मॅडम केस मागे सारत म्हणाल्या, "पैसे चालू राहतील. पण एक अट. यापुढे मी न कळवता येणार."

"छे!" विहीणबाई म्हणाल्या. "न कळवता कुणी येतं का? पाहुण्यांपुढे असा पसारा..."

"चालेल!" माझी मुलगी केवढ्याने तरी ओरडली, आणि सासूच्या तोंडावर हात ठेवून, चिखलाच्या बुटांनिशी, तिने तिथेच त्यांना गरागरा फिरवलं.