उडून गेली म्हणे

खानावळीच्या मालकाने आपल्या वाढप्याला फसवलं. मालक अजून हयात आहे, वाढपी नाही. म्हणून हे मला लिहावं लागतं आहे.

लश्कर शहरात खासगी बाजाराच्या मागच्या गल्लीत ती खानावळ होती. दरबारी कचेऱ्यांतले मराठी कारकून, एकटे राहणारे एकदोन मास्तर आणि जुन्या भांड्यांचा धंदा स्वतःच्या हिमतीवर नुकता सुरू केलेला मी, असे आम्ही तिथे जेवायचो. वाढप्याला सगळे मामा म्हणत. कोणाचे मामा, हे कोणी विचारलं नाही.

मामांना शौक किती! गल्लीच्या टोकाला एका गवयाचं घर होतं. भाजी आणायला निघालेले मामा त्याच्या ओट्याशी थबकायचे आणि तिथे ऐकलेली तान दुपारी वाढता वाढता म्हणून बघायचे. तान लांबली की आमटी भातावरून वाहत चटणीत जायची.

"मामा, आवरा! पान बुडालं!"

"समेवर तर येऊ द्या, शेठ. मग थांबतो."

तालमीत कुस्ती बघून आले, की किडकिडीत कारकुनांच्या पानात न मागता पोळी पडायची. "खा साहेब, दंड बघा आपले. लेखणीसुद्धा चीत करेल तुम्हाला." पतंगांच्या दिवसांत मांज्याने त्यांची बोटं चिरलेली असत, तेव्हा मीठ तेवढं आम्ही आमच्या हाताने घ्यायचं. फुटक्या घागरींत गुलाब लावलेले होतेच.

पण खरा जीव होता कबुतरांत. खानावळीच्या छतावर त्यांनी फळ्यांचा खुराडा केला होता. संध्याकाळी मामा शीळ घालायचे आणि किल्ल्याच्या अंगाला गेलेला थवा वळून गल्लीवर उतरायचा. इतर शौकीन नव्या कबुतराचे पंख दोऱ्याने बांधून ठेवतात, जुनं छत विसरेपर्यंत. मामांनी कधी पंख बांधले नाहीत, पायात घुंगरूही घातलं नाही.

"दार उघडं ठेवायचं, शेठ," ते म्हणायचे. "हात चांगला असला तर पाखरू परत येतंच. नाही आलं, तर खोट आपल्यात."

पुढे समोरच दुसरी खानावळ निघाली आणि तिथून मामांना बोलावणं आलं. मामा गेले तर अर्धी पंगत त्यांच्यामागे उठून जाणार, हे मालकाला कळत होतं. मामांना घासाघीस करता येत नसे. ती मी केली, आणि माझ्याशी घासाघीस करणं सोपं नाही. ठरलं ते असं: मामा इथेच राहतील, छत मामांचं, आणि छतावरच्या कशालाही मालक हात लावणार नाही. अन्नपूर्णेच्या तसबिरीसमोर मालकाने हो म्हटलं. तो सौदा माझा होता.

मग मामांना मुदतीचा ताप आला. सरकारी दवाखान्यात मी भेटायला गेलो, की स्वतःचं काही न सांगता विचारायचे, "दाणा पडतो ना?" मालकाला विचारलं तर तो म्हणायचा, "पडतो तर."

मी माल आणायला झाशीकडे गेलो. परत आलो तेव्हा मामा दवाखान्यातून आले होते आणि रिकाम्या खुराड्यासमोर बसले होते. शेजारी मालक उभा.

"एकही राहिलं नाही?" मामांनी विचारलं.

"एकही नाही. तुम्ही नव्हतात, मग कशाला थांबतील? उडून गेली."

त्यानंतरही मामा रोज संध्याकाळी वर जाऊन शीळ घालायचे. आकाशात दुसऱ्यांचे थवे फिरत असायचे. आमचं छत रिकामं. गवयाच्या ओट्याशी थांबणं बंद झालं, गुलाब वाळले. आमटीचा आता वाटीबाहेर एक थेंबही जात नसे. मी मुद्दाम म्हटलं, "मामा, पान कोरडं राहिलं हो!" ते नीट ऐकून घेऊन परत वाढून गेले. हसले नाहीत.

"खोट माझ्यातच होती, शेठ," एवढंच एकदा बोलले. त्याच थंडीत ते गेले.

उन्हाळ्यात, भर दुपारी लूचा तापता वारा सुटलेला असताना, जेवणघराच्या उंबऱ्यावर एक कबुतर येऊन बसलं. धापा टाकत होतं. पांढरी मादी, मान तपकिरी. मामांची लाडकी. पंखात दोऱ्याची गाठ अडकलेली आणि पायात कोणाचं तरी घुंगरू. पंगतीतला प्रत्येक हात थांबला. मालक तेवढा आत निघून गेला.

भटकलेलं पाखरू पकडूनही कोणी पंख बांधतो, हे मला ठाऊक होतं. म्हणून ते घुंगरू घेऊन मी बाजारात चौकशी केली. ज्याचं होतं तो शौकीन उलट माझ्यावरच डाफरला. "चुराया थोड़े ही है, साहब! पूरा झुंड खरीदा है, आपके खानावलवाले से. वो वापस कीजिए मेरी कबूतरी!"

मी तडक मालकापुढे उभा राहिलो. मला राग आला की माझा आवाज गल्लीभर जातो, त्या दिवशीही गेला.

"कबुतरंच होती हो," तो म्हणाला. "हत्ती नव्हते."

मालक, विकलीत हे सांगितलं असतंत तर मामा भांडले असते, दुसऱ्या दिवशी समोरच्या खानावळीत गेले असते, नवी जोडी पाळली असती आणि तिथल्या पानांत आमटी सांडत गात राहिले असते. तुम्हाला वाढपी गमवायचा नव्हता. म्हणून तुम्ही खोट त्यांच्यावर टाकलीत, आणि ती घेऊन ते गेले. मादी तर परतली होती. ती कोणासाठी आली, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत.

पाखरं परत आणा असं मी म्हणत नाही. मामा शीळ घालायचे त्या जागी उभे राहा आणि गल्लीला ऐकू जाईल असं सांगा, की ती उडून गेली नव्हती, तुम्ही विकली होती. जिना अजून तिथेच आहे. कधी चढताय?