पेणच्या काचेतला थोरला

माझा वरवंटा पेणच्या संग्रहालयात काचेच्या पेटीत ठेवलाय. मी त्याला आणायला गेली होती.

आमची वाडी रोह्याच्या अलीकडं, नदीकाठाला. आमच्यात वरवंट्याबिगर पोराचं बारसं होत नाय. आधी वरवंट्याला अंघोळ, मग टोपरं, मग फडक्यात गुंडाळायचं. दोघी बायका त्याला पाळण्याच्या खालनं-वरनं देतात, "घे गो, दे गो" करत. तो थोरला भाऊ. तो पाळण्यात निजून उठला की मग पोर निजवायचं, मग नाव. बारशाला अख्ख्या वाडीला तो एकच, आमच्या घरातला. सासूला तिच्या सासूनं दिलेला. काळपट तांबूस, अंगावर झाडाच्या सालीसारख्या रेषा.

माझी पहिली पोरगी वीटभट्टीवर झाली. वरवंटा वाडीत राहिला होता. तिला तशीच झोळीत टाकली नि मी विटांच्या मातीला लागली. ती भट्टीवरच गेली. ताप होता, दवाखाना लांब. वरवंटा असता तर जगली असती, असं मी म्हणत नाय. पण पुढच्या साली मी तो डोक्यावर घेऊन गेली. मुकादम हसला, "दगड कशाला वाहतेस गो? भट्टीवर विटा कमी हायत?"

"विटा तुझ्या. ह्यो माझा."

मागनं झालेली सगळी पोरं त्याच्या पाठी निजली. प्रत्येक साली तो भट्टीला आला नि माझ्याच डोक्यावरनं परत गेला.

मग घरात मिक्सर आला. मी कोलाडला लेकीकडं होती, तवा संग्रहालयाची माणसं जुनं काय हाय काय इचारत वाडीत फिरली. सुनेनं वरवंटा देऊन टाकला. मी परत आली तर कुणी सांगितलं नाय. नातसून बाळंत झाली, मुलगी झाली, तवा मी पाट्यामागं हात घातला. काय नाय.

सून बोलली, "वाटण आता मिक्सरात होतंय ना, आई."

"मग मिक्सरला टोपरं घाल."

दुसऱ्या दिशी तिलाच घेऊन एसटीनं पेणला गेली. संग्रहालयात मोठमोठे कोरलेले दगड, फुटकी मडकी, आणि एका पेटीत माझा वरवंटा, वरनं दिवा सोडलेला. खाली पाटी. मला वाचता येत नाय, सुनेनं वाचली. दगड झालेलं लाकूड, लाखो वर्षांचं. पूर्वी मसाला वाटण्यासाठी वापरत.

"पूर्वी म्हंजे कवा?" मी इचारलं. "शिमग्यापर्यंत मी वाटत होती त्यानं."

तिथला साहेब आला. तरणा, बोलायला चांगला. "आजी, हे झाड होतं. माणूस नव्हता तेव्हाचं. आपल्याकडं असं सापडत नाही, म्हणून जपायचं. एकदा नोंद झाली की परत देता येत नाही. तुम्हाला नवा वरवंटा घेऊन देतो."

"मग नवी सासू पण आणून दे हिला," मी सुनेकडं बोट केलं.

सून तोंडाला पदर लावून हसली. मी पेटीपुढं फरशीवर बसली. रखवालदार आला, "उठा आजी, लोक बघतायत."

"बघायलाच येतात ना हितं? बघू देत."

ताटातली भाकरी सोडून भट्टीवर उभी राहिली मी कैक वेळा, मुकादम ओरडला म्हणून. ह्या रखवालदारासाठी उठणार नव्हती. साहेब फोनवर कुणाशी बराच वेळ बोलला. मग माझ्यापुढं उकिडवा बसला. "बाहेर नेता येणार नाही. पण..."

"मग पोर हितं आणते."

त्यानं मान डोलावली.

सुट्टीच्या दिवशी आम्ही वाडीतल्या बायका पोरीला घेऊन टेंपोत बसून पेणला आलो. माझं लुगडं दोन खिडक्यांच्या गजांना बांधलं, झोळी झाली. साहेबानं पेटीचं कुलूप काढलं. हातात पांढरे मोजे घातले होते, अंघोळ नको म्हणाला. मी ओल्या फडक्यानं पुसला, त्याला टोपरं घातलं. "सांभाळून, आजी," साहेब बोलला.

"तू जन्मायच्या आधीपासनं सांभाळते रे."

घे गो, दे गो. थोरला झोळीत निजला, उठला. मग पोर निजली. ती रडली तशी सगळ्या संग्रहालयात घुमलं. नाव मी कानात सांगितलं, ते इथं सांगत नाय.

वरवंटा परत काचेत गेला. त्याच्या डोक्याला मी लावलेलं कुंकू होतं, साहेब मोज्यानं पुसायला गेला. मी त्याचा हात धरला. धरूनच ठेवला. त्यानं तसंच कुलूप लावलं.

पाटीवर ते 'पूर्वी' अजून तसंच हाय, सून सांगते. असू दे. धाकट्या नातसुनेला दिवस गेलेत. लुगडं धुऊन ठेवलंय.