पहिल्या गाडीवरचं हळदकुंकू

कंपनीने आपल्या पहिल्या गाडीचा इतिहास जमवायचं ठरवलं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. मी चाकणच्या प्लांटात जनसंपर्क बघते. इथेच आखलेली, इथेच बांधलेली देशी गाडी कशी उभी राहिली, हे जुन्या कामगारांच्या तोंडून ऐकायचं आणि त्याची छोटी फिल्म करून समारंभात दाखवायची. यादीत माझ्या वडिलांचंही नाव होतं. आप्पा पिंपरीच्या पेंट शॉपमधून रिटायर झालेले. मला आधी अभिमान वाटला आणि लगेच धास्ती. आप्पा बोलायला लागले की कुठे जाऊन थांबतील याचा नेम नसतो.

सुरुवातीला ते झकास बोलले. तोवर कंपनी ट्रकच बनवायची, सगळ्यांचे हात ट्रक रंगवून तयार झालेले. ट्रकवर रंगाचा एखादा ओघळ कुणी बघत नाही, गाडीवर तो चालत नाही, म्हणून एकच दरवाजा कितीदा घासून पुन्हा रंगवला ते त्यांनी हातवारे करून सांगितलं. कॅमेरावाला हसत होता. मी सुटकेचा निःश्वास टाकणार, तेवढ्यात आप्पा म्हणाले, "आता खरं सांगतो."

पहिली पांढरी गाडी रंगवून झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्याकडे त्या दिवशी मशीन बंद. सगळं धुऊनपुसून त्याला झेंडूचा हार आणि हळदकुंकू. आप्पा सकाळी सगळ्यांच्या आधी पोचले. लेथला, कॉम्प्रेसरला, स्प्रे गनलासुद्धा हळदकुंकू लावलं आणि एवढी लेकीसारखी सजवलेली गाडी कोरडीच कशी ठेवायची, म्हणून ओल्या बोटाने तिच्या बॉनेटवर स्वस्तिक काढलं. रंग वरून सुकलेला होता, आतून नाही. पुसायला गेले तर हळद पांढऱ्यात उतरलेली. बॉनेट घासून पुन्हा रंगवावं लागलं, आणि मोठे साहेब गाडी बघायला आले तेव्हा ती दाखवण्याजोगी नव्हती.

चौकशी झाली. आप्पा तेव्हा टेंपररी होते, त्यांनी तोंड उघडलं नाही. त्यांच्या शिफ्टचा मुख्य रंगारी त्यांचा जिवलग मित्र होता, लातूरकडून आलेला. बोट कुणाचं ते त्यालाही ठाऊक नव्हतं, तरी माझ्या शिफ्टची गाडी, माझी चूक, असं तो म्हणाला. त्याला पेंट शॉपमधून काढून स्टोअरला बसवलं. पहिली गाडी बाहेर पडली तेव्हा रंगाऱ्यांचा तिच्याबरोबर फोटो काढला. तो आजही आमच्या हॉलमध्ये आहे. त्यात आप्पा आहेत, तो मित्र नाही.

एवढं बोलून आप्पांनी पाणी मागितलं. मग मला विचारलं, "हे ऱ्हाईल ना त्यात?" मी हो म्हणाले.

आणि फिल्ममधून तेवढंच कापलं. मला भीती वाटली. समोर सगळे डायरेक्टर बसणार, आप्पांना शाल-श्रीफळ मिळणार, आणि पडद्यावर माझाच बाप सांगणार की गाडीची वाट मीच लावली आणि दुसऱ्याला भोगू दिलं. लोक काय म्हणतील, यापेक्षा माझ्याकडे कसं बघतील, याचीच मला जास्त धास्ती होती. फिल्म पाल्हाळिक होतेय, असं मी स्वतःला समजावलं. समारंभापर्यंतचा आठवडा मी आप्पांचा फोन तीन-चार रिंग वाजल्यावरच उचलायचे. ते फक्त वेळ विचारायचे आणि बरोबर एक माणूस आणला तर चालेल का, एवढंच.

समारंभाला आप्पा काळेवाडीहून त्या मित्राला घेऊन आले. काठी टेकत चालणाऱ्या काकांचा हात धरून त्यांनी त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. फिल्म बदलायला आता वेळ नव्हता. जाऊन सांगायचं सोडून मी बाजूच्या भिंतीशी उभी राहिले. दिवे मालवले.

पडद्यावर आप्पा आले. दरवाजा घासायची गोष्ट झाली, हॉल हसला. आप्पा हसले नाहीत, ते काकांच्या चेहऱ्याकडे बघत होते. मग पडद्यावर दुसरंच कुणी बोलायला लागलं. आप्पा तरी आपल्या उरलेल्या बोलण्याची वाट बघत राहिले, अगदी शेवटची नावं येईपर्यंत. त्या नावांत माझं नाव होतं. ते त्यांनी वाचलं आणि मान खाली घातली. शाल घेताना माइक समोर आला तेव्हाही ते बोलले नाहीत. तिथे बोलले असते तर मी काय केलं ते सगळ्यांना कळलं असतं. ते माझ्यासाठी गप्प बसले, हे मला तिथेच कळलं.

बाहेर पार्किंगमध्ये काका म्हणाले, "झकास बोललास गड्या."

मला राहवलं नाही. "काका, आप्पा अजून बोलले होते. ते मी कापलं."

"काय बोलला व्हता गं पोरी?"

मी आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी शाल काढून एका हातात घेतली होती, दुसऱ्या हातात काकांचा हात होता. "बॉनेटवरचं ते बोट माझं व्हतं," ते म्हणाले. "तू स्टोअरला गेलास आन मी फोटोत उभा ऱ्हायलो."

काकांनी आपला हात आप्पांच्या हातातून सोडवून घेतला आणि काठी टेकत एकटेच कंपनीच्या बसकडे चालू लागले. आप्पा त्यांच्या मागे गेले, आणि मी दोघांच्या मागे.