भरतीला बांधलेली होडी

उदारीकरणात पैसा आला, तसे आमचे साहेब गुडगावात कोठी बांधून बसले आणि लगेच खलाशीही झाले. मुंबईहून शिडाच्या होडीने किनाऱ्याकिनाऱ्याने पणजीजवळ पोचले. ऐन भरतीला होडी धक्क्याला करकचून बांधली, दारात म्हैस बांधावी तशी, आणि जेवायला गेले. ओहोटी लागली, पाणी उतरलं, होडी दोरांना लटकली.

कोठीच्या हिरवळीवर साहेब हे आम्हाला संतापून सांगत होते. "बताओ यार, ये बंदरवाले पानी का लेव्हल तक मेंटेन नहीं करते!"

सगळा ऑफिस स्टाफ हळहळला. ओहोटीसाठी दोर सैल सोडायचा असतो, हे आमच्या मालवणात शेंबडं पोरही जाणतं. माझ्या वडिलांनी तर जन्मभर होडी हाकली.

मी म्हणालो, "बिल्कुल, सर."